आतला पत्ता

तुरीच्या ओल्या शेंगा दारात येऊन पडल्या की माझा मार्गशीर्ष सुरू होतो. कॅलेंडर काय म्हणतं ते मी बघत नाही. गावाकडून येणाऱ्या जीपच्या टपावर कुणाच्या तरी हातानं पोतं चढवलेलं असतं, जीपवाला ते फाटकाशी टाकून हॉर्न वाजवतो आणि निघून जातो. मग दुपारभर अंगणात बसून देठं तोडायची, शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायला टाकायच्या. बोटांना तो चिकट, उग्र वास लागतो आणि साबणानं धुतला तरी जात नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात कळफलकावर बोटं ठेवली तरी तो येत राहतो. गेल्या आठवड्यात पोतं आलं आणि नेमकं त्याच दिवशी वर्गात एका मुलीनं विचारलं, की आता नव्या पद्धतीत प्रत्येक संगणकाला इंटरनेटवर जगभर चालणारा स्वतःचा पत्ता मिळू शकतो, तर मग लोक आतला पत्ता दारावर बदलून बाहेर का पाठवतात? पुस्तकातलं उत्तर मी दिलं. पण उत्तर देताना डोळ्यांसमोर होती ती शेंगांच्याच दिवसांतली एक जुनी खोली, संगणक दुरुस्त करणारा आमचा फिरोज आणि दादा.

दादा म्हणजे माझे वडील. एसटीत वाहक होते. नव्वदच्या दशकात आम्ही डोंगरकड्याहून हिंगोलीत राहायला आलो आणि दोन हजारच्या दशकात ते निवृत्त झाले. सेनगावची गाडी, जवळा बाजारची बाजाराच्या दिवशीची गाडी, सगळ्या फेऱ्या त्यांनी केल्या. कोणत्या फाट्यावर कोण उतरतो हे त्यांना प्रवाशाच्या आधी ठाऊक असायचं. आयुष्यभर लोकांना ते 'कुठं जायचं?' एवढंच विचारत आले. त्यांना मात्र जिथं तिथं वेगळाच प्रश्न विचारला जायचा.

तो प्रश्न म्हणजे 'पूर्ण नाव काय?' बाहेरगावच्या माणसाला तो साधा वाटेल. आमच्याकडे खोली भाड्यानं बघायला गेलं की घरमालक आधी नाव विचारतो, मग थोडा थांबून पूर्ण नाव विचारतो, आणि ते ऐकल्यावर खोली एकतर रिकामी असते किंवा कालच दिलेली असते. आमचं आडनाव पाईकराव. पुण्यात कुणाला त्यातून काही उमगत नाही, उलट सरदारघराणं वाटतं. हिंगोलीत मात्र ते उच्चारलं की ऐकणाऱ्याला गावातला आमचा बौद्धवाडा दिसतो, त्याला आणखी काही विचारावं लागत नाही. दादा हसत म्हणायचे, नावात पाईक आहे, राव आहे, आणि हातात तिकिटांची पेटी. पण हिंगोलीत कालच दिल्या गेलेल्या खोल्या खूप झाल्या तेव्हा त्यांनी रीतसर आडनाव बदलून घेतलं. डोंगरकड्यातला डोंगर गाळला, कडा ठेवला आणि आम्ही कडेकर झालो. पुढच्याच गल्लीत खोली मिळाली.

हिंगोलीत लोकांना कळलं नाही असं नाही. घरातला फोटो, आमच्याकडची वंदना, येणारे-जाणारे पाहुणे. चार दिवसांत सगळ्यांना सगळं समजतं. पण कडेकर म्हटलं की कुणाला ते बोलावं लागत नव्हतं. न बोलण्याची सोय होती ती. त्या सोयीच्या आडोशानं माझं आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद याचं शिक्षण झालं.

गावात मात्र दादा पाईकरावच होते. तिथं कडेकर म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, हा कोण नवा? त्याच सुमारास परभणीतून आमचा जिल्हा वेगळा निघाला, पत्रावरचा शेवटचा शब्द बदलून हिंगोली झाला. कुणी जागचं हललं नाही, विहीर तिथंच, वाडा तिथंच, बाहेरून म्हणायचं नाव तेवढं दुसरं. त्याचा आनंद झाला होता सगळ्यांना, पेढे वाटले होते. आमच्या आडनावाच्या वेळी पेढे कुणी वाटले नव्हते.

गयाआत्याची गोष्ट जिल्हा बदलायच्या आधीची. गयाआत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. आई नसलेल्या दादांना तिनंच वाढवलेलं. ती एका हिवाळ्यात, असेच शेंगांचे दिवस असताना, डोक्यावर गाठोडं घेऊन एकटीच हिंगोलीला आली. भावाचं घर तिनं पाहिलेलं नव्हतं, गल्लीचं नाव तेवढं पाठ होतं. दादा सेनगावच्या फेरीवर, आई आम्हाला घेऊन माहेरी. आत्या गल्लीत घरोघर विचारत हिंडली, किसन पाईकराव कुठं राहतो म्हणून. आमच्या घरमालकांनाही विचारलं. त्यांना ठाऊक होता तो कडेकर. त्यांनी अगदी खरंखुरं सांगितलं, की या नावाचं इथं कुणी नाही. आत्या परत स्टँडवर गेली, शेंगा तिथल्याच एका ओळख ना पाळख बाईच्या ओटीत घातल्या आणि मिळेल त्या गाडीनं गावी गेली.

हे आम्हाला कळलं ते दादा पुढं गावी गेले तेव्हा. मी बरोबर होते. आत्यानं भांडण केलं नाही, आदळआपट केली नाही. भावाच्या ताटात भाकरी वाढली आणि चुलीकडं तोंड करून म्हणाली, "किसना, तुझ्या गल्लीत लई हिंडले मी. पाईकराव कोनीच राहत न्हाई म्हने तिथं."

दादांनी भाकरी खाल्ली. आत्या त्यानंतर हिंगोलीला आली नाही. बोलावलं की म्हणायची, येईन की. आणि यायची नाही.

आता त्या खोलीकडे येते. दादांच्या निवृत्तीनंतरचं ते वर्ष. मी कॉलेजात संगणक शिकवायला लागले होते आणि संगणकांची खोली माझ्या ताब्यात होती. दिवाळीच्या सुट्टीत संस्थेनं इंटरनेट पुरवणारी कंपनी बदलली. सुट्टी संपून मी कुलूप काढलं, यंत्रं सुरू केली, तर एकही बाहेरच्या जगाशी बोलेना. परीक्षेचे अर्ज तोंडावर आलेले. स्टँडजवळ दुरुस्तीचं दुकान असलेल्या फिरोजला बोलावलं. तो सगळ्यांशी हिंदीतच बोलायचा. त्यानं एका यंत्रासमोर बसून जरा बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, पते किराये के थे. मालिक बदल गया."

खरंच होतं. प्रत्येक यंत्राला जुन्या कंपनीनं दिलेला पत्ता आम्ही थेट चिकटवला होता. कंपनी गेली, पत्ते गेले. आता नव्या कंपनीचे पत्ते एकेका यंत्रावर घालायचे, आणि पुढच्या दिवाळीत तीही बदलली की पुन्हा पहिल्यापासून. भाड्याच्या घराच्या भिंतीला रंग देत बसण्यातलाच प्रकार. फिरोज म्हणाला, घरचे पत्ते घरचे ठेवू या, बाहेरचे दारावर बदलू.

घरचे पत्ते म्हणजे खाजगी पत्ते. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट असे ते सुरू होतात. ते कुणाला मागावे लागत नाहीत, कुणी ते काढूनही घेत नाही. पण जगात प्रत्येक कचेरीत, प्रत्येक घरात तेच आकडे असतात, म्हणून बाहेर त्यांना अर्थ नाही. मुलांना शिकवताना मी आजही माझ्याच मनाशी बौद्धवाड्याचं उदाहरण घेते, वर्गात तोंडानं घेत नाही. गावात 'वाड्यात ये' म्हटलं की पाय आपोआप वळतात. पण दर गावाला असा एक वाडा आहेच. हिंगोलीच्या स्टँडवर उभं राहून 'वाड्यात जायचंय' म्हटलं तर कंडक्टर कुठलं तिकीट फाडणार?

मग पत्ता बदलायचा कसा, तर त्याचे दोन प्रकार. सगळीकडे चालतो तो पहिला : अख्ख्या खोलीला बाहेर एकच नाव द्यायचं आणि कुणी काय मागितलं होतं ते दारावरच्या यंत्रानं, म्हणजे राउटरनं, लक्षात ठेवायचं. उत्तर आलं की आठवून ज्याचं त्याला द्यायचं. आम्ही आधी तसंच केलं. आमचा राउटर म्हणजे एक म्हातारा संगणक, त्याला दोन तोंडं, एक आत आणि एक बाहेर. पण त्या दिवसांत वीज जायची ती वेळापत्रकानं जायची आणि वेळापत्रक सोडूनही जायची. खोलीतली यंत्रं बॅटरीवर कशीबशी तग धरायची, हा म्हातारा मात्र हमखास मान टाकायचा. पुन्हा उठायचा तेव्हा त्याला काहीही आठवत नसायचं. बाहेरून उत्तरं येऊन उभी राहायची आणि तो म्हणायचा, या नावाचं इथं कुणी नाही.

ते वाक्य फिरोजच्या पडद्यावर वेगळ्या शब्दांत उमटलं होतं. मला मात्र ते त्या गल्लीतल्या घरमालकांच्या आवाजात ऐकू आलं. मी उठून खिडकीशी गेले. मैदानापलीकडच्या शेतात तूर वाळायला लागलेली, मागं कुठंतरी मळणीयंत्राचा आवाज, हवेत भुसा. फिरोजनं चहा मागवला.

दुसरा प्रकार थोडा खटाटोपाचा. आमच्या पत्त्यात गाव आधी आणि जिल्हा शेवटी, यंत्रांच्या पत्त्यात उलटं : आधी घराणं, मग ज्याचं त्याचं नाव. या दुसऱ्या प्रकारात राउटर पुढचा भाग, म्हणजे घराणं तेवढं बदलतो. मागचा भाग जसाच्या तसा ठेवतो. आतला सातवा तो बाहेरही सातवाच. उत्तर येताना पुढचा भाग पुन्हा उलटा बदलायचा, झालं. लक्षात काही ठेवावं लागत नाही, म्हणून वीज गेली तरी विसरायला काही उरत नाही. कंपनी बदलली की दारावरची एक ओळ बदलायची. आम्हाला पुरेल एवढे पत्ते नव्या कंपनीनं दिलेच होते, आणि अर्ज भरताना विद्यापीठाला प्रत्येक यंत्र वेगळं दिसायला हवं होतं. त्या शेंगांच्या दिवसांत मी आणि फिरोज रोज सकाळी वीज असेपर्यंत तेच करत बसायचो. आकडे चुकायचे, पुन्हा घालायचो.

घरी तेव्हा वेगळंच चाललं होतं. निवृत्तीच्या पैशांतून दादांनी नव्या कॉलनीत लहानसं घर बांधलं होतं, आम्ही पावसाळ्यातच राहायला आलो होतो. सगळं झालं होतं, दारावरची पाटी राहिली होती. पाटीवर काय लिहायचं यावरून घरात दोन तट पडले. दादांना पाईकराव हवं होतं. मिलिंद पुण्याला नोकरीला लागला होता, सुट्टी घेऊन आला होता. तो म्हणत होता, कडेकर म्हणून जागा घेतली, कडेकर म्हणून शेजार जोडला, आता हे उकरून काय मिळणार? आई कुणाच्याच बाजूनं बोलत नव्हती, म्हणजे मिलिंदच्या बाजूनं होती.

मला मिलिंदचं पटत होतं आणि दादांचंही पटत होतं, आणि असं दोन्हीकडे तोंड असलेल्या माणसाला घरात कुणीच आपलं म्हणत नाही. पाटीवाल्याकडे जायचं काम मात्र माझ्यावरच आलं होतं.

एका संध्याकाळी उकडलेल्या शेंगांचं ताट मध्ये ठेवून आम्ही सगळे बसलो होतो. दादांनी विचारलं, "कॉलेजात हे काय करून राहिली तू रोज?" मी सांगितलं. त्यांना वाड्याचं उदाहरण दिलं, तिथं मला लाज नव्हती. त्यांनी नीट ऐकलं. शेंग सोलता सोलता म्हणाले, "म्हंजे आतला पत्ता खोटा न्हाई?"

"नाही दादा, खराच असतो. बाहेर चालत नाही, एवढंच."

"चालत न्हाई म्हंजे? कोन चालू देत न्हाई?"

मी सांगायला गेले, की बाहेरच्या मोठमोठ्या यंत्रांना तसं बजावून ठेवलेलं असतं. या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता वाटेत दिसला तर तिथंच टाकून द्यायचा, उलट निरोपही धाडायचा नाही. सांगता सांगता माझाच आवाज खाली गेला. दादांनी हातातली शेंग ताटात ठेवली. मग मिलिंद बोलला. मघापासून त्याच्या मनात असलं पाहिजे. लहानपणी गावच्या शाळेत त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. म्हणाला, "मला परत वाड्याचं पोरगं व्हायचं न्हाई, दादा."

दादांना ते लागलं. पण ते रागावले नाहीत. म्हणाले, तू कडेकरच राहा, कागद तसेच राहू दे, तुझ्या लेकरांनाही तेच लाव. पाटी तेवढी माझी. आतल्यांना पाटी लागत नाही, पाटी येणाऱ्यासाठी असते, आणि मला एका माणसाचं येणं पाहिजे.

कुणाचं ते सांगायची गरज नव्हती. मिलिंद हळू आवाजात म्हणाला, की आत्याला कुठं वाचता येतं?

"तिला वाचता येत न्हाई, इचारता येतं," दादा म्हणाले. "ज्याला इचारंल त्याला वाचता आलं पायजे."

दुसऱ्या दिवशी पाटीवाल्याकडे मला सोडायला मिलिंदच आला. पाटीवाला म्हणाला, जागा कमी आहे, 'कि. ग. पाईकराव' बरं दिसेल. दादांनी बजावून ठेवलं होतं, की किसन पूर्ण पाहिजे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कि. ग. म्हटल्यावर बहीण ओळखणार नाही. म्हणून अक्षरं थोडी बारीक करून घेतली. त्याच आठवड्यात आमच्या खोलीतलं पहिलं यंत्र आतला पत्ता घेऊन दारापर्यंत गेलं, बाहेर दुसरा लेवून निघालं आणि उत्तर घेऊन बरोबर आपल्या जागी परत आलं. फिरोजनं टेबलावर थाप मारली. मलाही बरं वाटलं.

पाटी लागली आणि आभाळ कोसळलं नाही. 'कडेकरकाका' म्हणणारे शेजारी काही दिवस अडखळले आणि नुसतं 'काका' म्हणायला लागले. संक्रांतीला शेजारच्या बाई आईला हळदीकुंकवाला यायचं सांगून गेल्या होत्या. नक्की वेळ कळवते म्हणाल्या होत्या. आईनं साडी इस्त्री करून ठेवली. निरोप आला नाही. आईनं ती साडी दुसऱ्या दिवशी बँकेत जाताना नेसली आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. तिचं ते न बोलणं मला अजून सलतं. ज्या सोयीसाठी आम्ही नाव बदललं होतं तिची किंमत तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होती.

दादा दुपारभर फाटकाकडे तोंड करून खुर्चीत बसायचे. जीपवाल्याच्या हाती गावी निरोप गेला होता. आत्याचा उलट निरोप आला, की कापूस वेचून झाला की येते. मग उन्हाळा झाला, मग तिचे गुडघे धरले. दादा म्हणायचे, येईल, गाडीला उशीर व्हायचाच. वाहकाचा धीर होता त्यांचा. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी ते खुर्चीतच गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेण्याइतका वेळही मिळाला नाही. त्यांना आम्ही डोंगरकड्याला नेलं, त्यांचीच तशी इच्छा होती. आत्या तिथं भावाच्या डोक्याशी बसून होती. तिनं रडणं आवरलं नाही. आपण यायला उशीर केला, हेच ती सगळ्यांना सांगत राहिली.

त्यानंतरचा शेंगांचा हंगाम. कॉलेजला सुट्टी होती, मी अंगणात होते. फाटकाची कडी वाजली. बाहेर गयाआत्या उभी होती. डोक्यावर गाठोडं, एक हात गाठोड्याला, दुसरा खांबावर. एकटीच आली होती. स्टँडवरून विचारत विचारत. मी धावत गेले, गाठोडं उतरवून घेतलं, आत चल म्हटलं. ती हलली नाही. पाटीकडे बघत होती. मग पाटीवर हात ठेवला, चाचपल्यासारखा, आणि म्हणाली, "ह्यात किसन कुठंय?"

मी तिचं बोट धरलं. शेंगांनी चिकट झालेलं, कापसाच्या बोंडांनी ओरखडलेलं बोट. ते पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि हळूहळू फिरवत नेलं, कि, स, न. तिथं ती थांबली. पुढच्या अक्षरांकडे मान करून विचारलं, हे आपलं? मी हो म्हटलं. मग तिनं ते बोट पुन्हा मागं नेलं आणि पहिल्या तीन अक्षरांवर ठेवून उभी राहिली.

आई दारात येऊन थांबली होती. आत्या आमच्या दोघींकडे वळली. डोळे भरलेले होते, पण आवाज ठीक होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तिनं विचारलं होतं म्हणे, भीत भीतच विचारलं होतं.

"इचारलं तर बराबर सांगितलं त्यानं," ती म्हणाली. "म्हनला, पाईकराव व्हय, त्ये काय, तिथंच राहतेत. राहतेत म्हनला गं."

मग ती आत आली आणि दादांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून शेंगांचं गाठोडं सोडायला लागली.